हिंजवडी आणि खराडी, ऑफिसं दोन टोकांना: पुण्यात घर कुठं बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई कोल्हापूरहून पुण्यात शिफ्ट होतायत. मिस्टरांचं ऑफिस हिंजवडी फेज ३ ला, आठवड्यातून तीन दिवस जायचं, वेळ थोडी मागंपुढं झाली तरी चालते. ताईंची नोकरी खराडीत, पाचही दिवस, साडेनऊला हजर पाहिजे. मुलगी दुसरीत जाणार, सासूबाई सोबत आहेत आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. टू बीएचके हवा, भाडं ३० हजारापर्यंत. ओळखीचे सगळे वाकड सांगतायत, एकजण म्हणतोय वाघोलीत याच पैशात नवा कोरा मोठा फ्लॅट मिळेल. तर चांगला एरिया कुठला?

ताई, मी पुण्यात भाड्याच्या घरांचंच काम करतो, आणि जास्त करून बाहेरगावाहून बदलीवर येणाऱ्या फॅमिलीचं. चांगला एरिया कुठला हा प्रश्न मला रोज येतो आणि त्याचं सरसकट उत्तर देता येत नाही, कारण पुण्यात एकाला सोयीचा एरिया दुसऱ्याला रोजचा जाच होतो. म्हणून मी आधी एकच विचारतो, घरात सगळ्यात कमी सवलत कुणाला आहे? कुणाला उशीर चालत नाही, कुणाला पर्याय नाही? घर त्या माणसाकडे बघून घ्यायचं. तुमच्याकडे मिस्टरांना सवलत आहे, तीनच दिवस जायचं आणि वेळही हातात. तुम्हाला नाही. आणि सासूबाईंना तर अजिबात नाही कारण त्या दिवसभर त्याच एरियात असणार आहेत. तुम्ही दोघं दहा-बारा तास बाहेर, एरियाशी खरा संबंध त्यांचा आणि मुलीचा. पण ओळखीचे लोक नेमकं उलटं करतात, घरातल्या पुरुषाचं ऑफिस कुठं ते विचारतात आणि तिथलं नाव सांगून मोकळे होतात.

आता रस्त्याचं बोलू. पुण्यात किलोमीटर मोजून काही कळत नाही, मध्ये अडकायच्या जागा किती ते मोजायचं. शहरातून मुळा, मुठा आणि वरच्या अंगाला पवना वाहते, मध्ये टेकड्या आहेत, खडकी आणि कॅम्पाचा लष्करी भाग आहे, रेल्वेलाईन आहे, पश्चिमेला मुंबई-बंगळुरू हायवे आहे. या सगळ्यामुळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला ठरावीक पूल आणि ठरावीक अंडरपासच मिळतात आणि सगळं गाव सकाळी तिथंच येतं. हिंजवडीत शिरायचं तर भूमकर चौक नाहीतर वाकड पुलाची बाजू, मग शिवाजी चौक, आणि फेज ३ म्हणजे त्याच्याही पुढं पार शेवटी. खराडीला जायचं तर नगर रोड, नाहीतर मुंढव्याच्या बाजूनं पूल ओलांडून. नकाशावर सहा किलोमीटर दिसतात त्याला पाऊण तास लागतो आणि हायवेचे पंधरा किलोमीटर कधीकधी वीस-पंचवीस मिनिटांत होतात. म्हणून घर बघताना कागदावर घरापासून ऑफिसपर्यंतचे मोठे चौक आणि पूल लिहून काढा, खरंच लिहा. रोज पाच दिवस जाणाऱ्या माणसाच्या वाटेत ते कमीत कमी असले पाहिजेत.

यात वाकड बसवून बघा. दोघंही हिंजवडीत असते तर मी पण डोळे झाकून वाकड, ताथवडे, पुनावळे असंच सांगितलं असतं. पण तुम्ही वाकडहून खराडीला निघालात तर औंध, खडकी नाहीतर विद्यापीठाची बाजू, मग येरवडा आणि मग अख्खा नगर रोड, म्हणजे शहर आडवं कापून जायचं, तेही पाच दिवस. पहिला महिना उत्साहात निघून जातो. त्यानंतर चिडचिड सुरू होते, मुलीचा अभ्यास राहतो, आणि पाचसहा महिन्यांत नोकरी सोडायची गोष्ट निघते, तीही बहुतेक वेळा बाईनंच सोडायची. हे मी बऱ्याच घरांत बघितलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय.

वाघोलीचं पण तसंच आहे, फक्त उलट्या बाजूनं. खराडी तुम्हाला जवळ पडेल, घर खरंच मोठं मिळेल, पण मिस्टरांना तीन दिवस का होईना पूर्ण पुणं ओलांडून फेज ३ गाठायचं. नगर रोडचं ट्रॅफिक आहेच, आणि वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली असली तरी पाण्याला बऱ्याच सोसायट्या टँकरवर आहेत. तिथं तुम्हाला एजंट मेट्रोचं सांगेल. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी आणि वनाज ते चांदणी चौक या वाढीव मार्गांना केंद्रानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली हे खरं आहे. पण मंजुरी मिळणं वेगळं आणि सकाळी आठला प्लॅटफॉर्मवर गाडी येणं वेगळं. अकरा महिन्यांच्या करारात भाडं तुम्ही आज भरताय, तर आज जे स्टेशन चालू आहे तेवढंच धरा. स्वारगेट-कात्रज भुयारी मार्गाच्या नावावर कात्रजला भाडं वाढवून सांगतात, त्यांनाही हेच उत्तर द्यायचं.

चालू मेट्रो मात्र तुमच्या कामाची आहे, आणि खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न मेट्रोमुळेच सुटतो. वनाज ते रामवाडी ही लाईन मार्च २०२४ पासून पूर्ण चालू आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट ही दुसरी लाईन सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत गेली. दोन्ही सिव्हिल कोर्ट स्टेशनला एकमेकींना मिळतात, तिथं बदलता येतं. रामवाडीपासून खराडीतले आयटी पार्क अजून पाचसहा किलोमीटर लांब आहेत, तेवढा शेवटचा तुकडा रिक्षा, पीएमपीची सिटी बस किंवा कंपनीची शटल असेल तर त्यानं करायचा. शटल आहे का ते एचआरला आत्ताच विचारून ठेवा, घर ठरायच्या आधी.

त्यामुळे माझी पहिली पसंती तुमच्यासाठी कोथरूड, आणि कोथरूडमध्येही पौड रोडच्या बाजूचं, म्हणजे वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी या स्टेशनांना चालत जाता येईल असं. रामबाग कॉलनी, शास्त्रीनगर, भुसारी कॉलनीचा खालचा भाग इथं बघा. डहाणूकर कॉलनी, कर्वेनगर हे एरिया छान आहेत पण स्टेशन लांब पडतं, मग रोज रिक्षा आली. तुम्ही वनाजला बसलात की गाडी न बदलता थेट रामवाडी. आणि पहिलंच स्टेशन असल्यामुळे बसायला जागा मिळते, हे रोज जाणाऱ्याला किती मोठं आहे ते रोज जाणाऱ्यालाच कळतं. मिस्टरांना चांदणी चौकातून हायवे पकडून बाणेर, बालेवाडीवरून वाकडला उतरायचं. चांदणी चौकाचं नवीन काम २०२३ मध्ये पूर्ण झाल्यापासून तिथली कोंडी बरीच कमी झालीय. ऑफिस फेज ३ ला आहे म्हणून त्यांना अजून एक वाट आहे, पाषाण-सूसवरून नांदे-चांदे मार्गे माण, म्हणजे शिवाजी चौक टाळून मागच्या बाजूनं शिरता येतं. पावसाळ्यात त्या रस्त्याची अवस्था एकदा बघून मगच त्याच्यावर भिस्त ठेवा. तीन दिवस साडेसातला निघाले तर हे जमण्यासारखं आहे.

कोथरूडला ३० हजारात नवीन टॉवर मिळणार नाही, जुनी तीन-चार मजली बिल्डिंग मिळेल आणि तिथं लिफ्ट असेलच असं नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट नसेल तर तळमजला किंवा फार तर पहिला मजला, यात तडजोड नको. आणि इथं एक गोष्ट बाहेरून येणाऱ्याला कुणी सांगत नाही. कोथरूडमध्ये जुन्या सोसायट्या धडाधड रीडेव्हलपमेंटला चालल्यात, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून बिल्डर तिथं नवी बांधणार. भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी सांगितलं तर समजायचं की बिल्डरबरोबर बोलणी पुढं गेलीत आणि मालकाला तेवढ्यापुरता भाडेकरू पाहिजे. मालकाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला, दोघांना वेगवेगळं विचारा, बिल्डर ठरलाय का, करार झालाय का, खाली कधी करायचंय. नाहीतर मुलीच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर घर सोडायची नोटीस येते.

दुसरी पसंती पिंपळे गुरव किंवा पिंपळे सौदागर. नदी ओलांडली की कासारवाडी, दापोडी ही मेट्रो स्टेशनं आहेत, तुम्हाला सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागेल एवढंच. मिस्टरांना हिंजवडी कोथरूडपेक्षा जवळ. घर जरा नवीन, लिफ्ट, पार्किंग, खाली खेळायला जागा. पिंपळे गुरव जरा दाटीवाटीचं आहे, सौदागर मोकळं पण भाडं चढं. तुम्ही कोल्हापूरचे म्हणून सांगतो, या लाईनवरून मेट्रो थेट स्वारगेटला जाते आणि कोल्हापूरची एसटी स्वारगेटवरूनच सुटते, त्यामुळे सासूबाईंना किंवा गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना ते फार सोपं पडतं. गावाकडची वाट हा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात पण पुण्यात माणसं वसलीच आहेत तशी, सातारा-सांगली-कोल्हापूरची माणसं कात्रज, आंबेगाव, धायरी, वारजे या बाजूला जास्त दिसतात, सोलापूरची हडपसर-मांजरीकडे, नगर आणि मराठवाड्याची वाघोली-खराडीकडे. दर सणाला, लग्नाला, दवाखान्याच्या कामाला गावी जायचंच असतं, मग शुक्रवारी संध्याकाळी शहर ओलांडण्यात दोन तास का घालवायचे?

आता पाणी. ताई, घर बघताना लोक किचनचा ओटा आणि बाल्कनी बघतात, नळाला पाणी कुठून येतं ते विचारत नाहीत. पुणे महापालिकेचं पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतून येतं, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून. पूर्व भागाला, म्हणजे वडगावशेरी, खराडीच्या बाजूला २०२१ पासून भामा आसखेड धरणाचं पाणी पण येतंय. पिंपरी-चिंचवडचं मुख्य पाणी पवना धरणाचं, आणि तिथं नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पुरवठा आहे. सोसायटीची टाकी मोठी असली तर दिवसाआड जाणवत नाही, लहान असली तर दुसऱ्या दिवशी दुपारी नळ कोरडा. पुण्यात जुन्या हद्दीत बऱ्यापैकी पाणी आहे, दुरुस्तीच्या कामासाठी बऱ्याचदा गुरुवारी बंद असतं तेवढं धरून चालायचं. खरा त्रास कडेच्या गावांत. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत घेतली, नाव पुणे झालं, टॉवर उभे राहिले, पण पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन टॉवरच्या वेगानं गेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम करणाऱ्या गुलेन बॅरी सिंड्रोमचे पेशंट वाढले तेव्हा दूषित पाण्याचीच चर्चा होती, हे विसरू नका. घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल आहे.

पाणी कसं तपासायचं ते सांगतो. गेटवर वॉचमनकडे रजिस्टर असतं, त्यात टँकरच्या एंट्र्या असतात. नंबर, वेळ, ड्रायव्हरची सही. दोन मिनिटं थांबून, गोड बोलून ते पान बघायला मागा, आणि शक्यतो एप्रिल-मेचं. रोज चार-पाच टँकर दिसले तर समजायचं की मेंटेनन्स वाढता राहणार. मग वर जाऊन बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या जाळीवर पांढरा खरखरीत थर आहे का तो नखानं खरवडून बघा, असेल तर बोअरचं जड पाणी वापरतात, केस गळायची तक्रार आणि वॉशिंग मशीनची वाट लागणं हे त्याच्याबरोबर येतंच. आणि मेंटेनन्स कोण भरणार, टँकरचा जादा खर्च कुणाकडे, हे तोंडी नको, करारात लिहून घ्या.

नदी आणि ओढ्याचं पण बघायचं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत घरांत पाणी शिरलं, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंग बुडलं, पहिल्या मजल्यापर्यंतच्या लोकांना काढायची वेळ आली. तुम्हाला तळमजला किंवा पहिला मजला लागणार म्हणून हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं, पिंपळे गुरव-सौदागरला पवना जवळ आहे तिथं तर नक्कीच. पार्किंगमध्ये लाईटचे मीटर किती उंचीवर लावलेत ते बघा, अलीकडे उचलून वर लावलेले दिसले तर कारण विचारा. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला फिकट आडवी रेघ दिसली तर ती पाण्याची खूण असू शकते. एजंट काही सांगणार नाही, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि किराणा दुकानदार सगळं सांगतात, बिस्किटाचा पुडा घ्या आणि विचारा.

सासूबाईंसाठी मी एक साधी चाचणी करायला सांगतो. बिल्डिंगमधून त्यांच्या चालीनं निघायचं आणि दहा मिनिटांत काय काय लागतं ते बघायचं. भाजी, औषधाचं दुकान, एखादं देऊळ, बसायला बाक असलेली बाग, फॅमिली डॉक्टर, आणि रस्ता ओलांडायला लागतो का. हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या सोसायट्या आतून कितीही सुंदर असल्या तरी गेटबाहेर म्हातारं माणूस पाय ठेवू शकत नाही. गावाकडं आयुष्यभर ओट्यावर बसून चार माणसांशी बोललेली बाई चौदाव्या मजल्यावर दिवसभर एकटी बसते, आणि मुलाला-सुनेला बोलत पण नाही. ते मला बघवत नाही. कोथरूड मी पहिलं सांगितलं त्यात हे पण कारण आहे, तिथं त्यांना चार दिवसांत बोलायला माणसं मिळतील.

शाळा घराजवळची घ्या, ऑफिसजवळची नको. मुलगी आजारी पडली, शाळा लवकर सुटली तर खराडीहून तुम्ही किंवा हिंजवडीहून मिस्टर येणार नाहीत, सासूबाई रिक्षानं जाऊन आणू शकतील एवढ्याच अंतरावर शाळा पाहिजे. पुण्यातल्या बऱ्याच खाजगी शाळांची प्रवेशाची गडबड दिवाळीच्या आसपासच सुरू होते, दुसरीला तर जागा रिकामी असेल तरच मिळते, त्यामुळे शाळेत जागा आहे का हे आधी आणि त्या गल्लीतलं घर नंतर, हा क्रम ठेवा.

बघायला याल तेव्हा रविवारी येऊ नका. रविवारचं पुणं बघून घेतलेलं घर सोमवारी वेगळंच निघतं. कामाच्या दिवशी या, मुक्काम करा, सकाळी आठला वनाजहून स्वतः मेट्रोत बसून खराडीच्या गेटपर्यंत जा, मिस्टरांना त्याच वेळी फेज ३ ला पाठवा, आणि संध्याकाळी सहाला दोघं परत या. त्या एका दिवसात तुम्हाला माझ्या या सगळ्या उत्तरापेक्षा जास्त कळेल. दुसऱ्या दिवशी तेच पिंपळे गुरवहून करा. एरिया रात्री नऊला पण बघा, गल्लीत दिवे आहेत का, बायका-मुलं बाहेर दिसतात का.

लगेच विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, निदान अकरा महिने भाड्यानं राहा, नोकऱ्या बदलतात, हायब्रिडचे, म्हणजे किती दिवस ऑफिस आणि किती दिवस घरून काम याचे नियम बदलतात. करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि रजिस्टर्डच पाहिजे. नुसता नोटरी करू म्हणणारे मालक खूप भेटतील, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाईन होतं, घरी येऊन अंगठा घेतात, तुमच्या बँकेला, गॅसला, शाळेला पत्त्याचा पुरावा म्हणून तोच लागतो. डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांचं मागतात, परत कधी आणि रंगाचे किती कापणार हे आकडा घालून लिहा, आणि ताबा घेताना भिंती, गिझर, नळ, कमोड, सगळ्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. एजंटचं कमिशन इथं साधारण एका महिन्याचं भाडं असतं, करार झाल्यावर द्यायचं, फ्लॅट दाखवायचे वेगळे पैसे मागितले तर सरळ दुसरा एजंट बघा.

शाळेचं नक्की झालं की मला कळवा, कुठल्या गल्लीत बघताय ते सांगितलंत तर तिथल्या पाण्याचं आणि रीडेव्हलपमेंटचं मला जे माहीत आहे ते सांगीन.